गादी उलटायचा रविवार

१

गादी काय, दुकानातून कुणीही उचलून आणतं. ती टिकवायची म्हणजे अंगात चिवटपणा लागतो, आणि तो ऑर्व्हिल लोकेनच्या अंगात ठासून भरलेला होता. लेक जनेल शाळेत जायला लागली त्या वर्षी ऑर्व्ह आणि मार्लिस या नवराबायकोनं फार्गो शहरातून स्प्रिंगची एक जाडजूड गादी आणली. दोन्ही अंगांनी वापरता येणारी, आणि धरायला कडेला दोरीचे जाड कान शिवलेले. तसल्या गाद्या आता मिळत नाहीत. आता एकाच अंगाच्या निघतात, त्या उलटता येत नाहीत आणि बघता बघता बसतात. ऑर्व्हची गादी मात्र जनेलचं शिक्षण झालं, लग्न झालं, तिची पोरं कॉलेजात गेली, तरी पलंगावर टिकून होती.

कारण ऑर्व्हचे नियम. पलंगाच्या काठावर बसायचं नाही. मोजे चढवायचे तर खुर्चीवर बसून चढवा, काठ दबला की गादी संपली. खोलीत कॉफी आणायची नाही, तापानं फणफणलात तरी सूप स्वयंपाकघरात येऊन प्या. अधूनमधून खायचा सोडा भुरभुरवायचा आणि वरून व्हॅक्यूम फिरवायचा. जुलैत कोरडा वारा सुटला की चादरी काढून, खिडक्या सताड उघड्या टाकून गादीला दिवसभर हवा द्यायची. आणि घड्याळं बदलायच्या रविवारी, चर्चला जायच्या आधी, गादी फिरवायची.

हा शेवटचा नियम नॉर्डाल गावात पुष्कळजण पाळायचे, निदान पाळतो असं सांगायचे. मार्चमध्ये उन्हाळी वेळ लागते म्हणून घड्याळ तासभर पुढे करायचं, तेव्हा गादीचं उशाकडचं टोक पायथ्याला न्यायचं. नोव्हेंबरात घड्याळ तासभर मागे घ्यायचं, तेव्हा गादी पालथी करायची. विसरायला नको म्हणून ऑर्व्हनं दोन्ही अंगांच्या टोकांना कापडाचे तुकडे टाचून ठेवले होते, वसंतातल्या टोकाला हिरवा आणि हिवाळ्यातल्या टोकाला तांबडा. ज्या ऋतूत जे टोक उशाला यायचं, त्याला त्या ऋतूचा रंग. सेफ्टी पिना मात्र मार्लिस लावायची. ऑर्व्हच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं धान्य वर चढवायच्या मळसूत्रानं तरुणपणीच खाल्ली होती, आणि उरलेल्यांनी पिन काही बंद व्हायची नाही.

पालथी करायचं काम दोघांचंच. मार्लिस दाराच्या बाजूला, ऑर्व्ह खिडकीच्या बाजूला. तिनं आपली कड उचलायची, उचलत उचलत गादी पलंगावर आडवी उभी करायची. तेवढा वेळ दोघांच्या मध्ये गादीची भिंत व्हायची. तो दिसायचा नाही, वरच्या कडेवर त्याची बोटं तेवढी दिसायची, डाव्या हाताची चार आणि उजव्या हाताची दोन. मग पलीकडून आवाज यायचा, "धरलंय मी, सोड." ती सोडायची आणि सगळं वजन त्याच्याकडे जायचं. इतक्या वर्षांत एकदाही वजन तिच्या बाजूला आलं नाही. तिला वाटायचं, नवरा गोड बोलणारा मिळाला नाही तर नाही मिळाला, हे काय कमी आहे?

बोटांवरून तो स्वतःच थट्टा करायचा. "वर गेलो की आधी माझी दोन बोटं मागून घेणार. पावती नाही म्हणाले तर भांडेन." जानेवारीत तो बर्फ उपसून आत आला, बूट काढायला खुर्चीवर बसला आणि तसाच राहिला. पास्टरांनी दफनाच्या वेळी सांगितलं की पुनरुत्थानात प्रत्येकाला अखंड देह मिळतो. मार्लिसला रडता रडता हसू आलं, आणि शेजारच्या व्हर्नाला वाटलं हिला भोवळ येतेय.

२

मार्चमधल्या त्या शनिवारी जेवण उरकल्यावर मार्लिसनं घड्याळं पुढे केली. आधी स्वयंपाकघरातलं, मग खोलीतलं. हे काम ऑर्व्हचं. खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ काढताना तिला उगाचच वाटलं, आपण त्याच्या खिशात हात घालतोय.

रविवारी सकाळी तिनं चादर काढली आणि ती गादीकडे बघत उभी राहिली. खिडकीच्या बाजूला ऑर्व्हचा खळगा होता. खांद्यापाशी खोल, कमरेशी उथळ, कारण त्याचं खुब्याचं हाड दुखायचं आणि तो जन्मभर एकाच कुशीवर निजला. दाराच्या बाजूला तिचा लहानसा. मध्ये बांध, दोन शेतांच्या मध्ये असतो तसा. टोकं बदलली की ऑर्व्हचा खळगा मार्लिसच्या बाजूला यायचा आणि तिचा त्याच्या. "सहा महिने तू माझ्या खड्ड्यात, सहा महिने मी तुझ्या," तो म्हणायचा. "म्हणून टिकलं सगळं." खळगे पुसले जावेत म्हणूनच तर फिरवायची असते गादी.

आणि आता तिला नेमकं तेच नको होतं. ऑर्व्हचा कोट जनेलनं चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकला होता, बूट गेले, वस्तरा गेला. त्याच्या अंगाचा आकार जगात या एका ठिकाणी उरला होता. फिरवलं की तिचं अंग त्यावर पडणार आणि तो हळूहळू मोडणार. तिनं खळग्यात तळहात ठेवला. "या खेपेला नाही हं ऑर्व्ह," ती म्हणाली. "रागव हवं तर." मग स्वच्छ चादर घातली, कोट चढवला, बटणं लावली आणि चालत चर्चला निघाली. चर्च कोपऱ्यावरच होतं. वेळही भरपूर होता.

पोचली तेव्हा लोक चर्चच्या तळघरात कॉफी पीत होते. प्रार्थना होऊन गेली होती.

व्हर्ना लांबूनच ओरडली, "काय गं, घड्याळ पुढे करायचं राहिलं ना? ऑर्व्ह असता तर टाळूवर टपली मारली असती तुझ्या!"

सगळे हसले. दरवर्षी कुणी ना कुणी अशी फजिती करून घ्यायचंच, आणि वर्षभर त्याला ती ऐकून घ्यावी लागायची. मार्लिसही हसली. "विसरले बाई," म्हणाली. हातात कुणीतरी कप दिला, तो धरताना तळहात चुरचुरले. तिनं बघितलं. दोन्ही पंजांवर आडवे लाल वळ होते, जाड दोरी ओढल्यावर उठतात तसे.

घरी येऊन तिनं आधी घड्याळ बघितलं, मग रेडिओ लावून ताडून बघितलं. घड्याळ बरोबर होतं. कमरेत उसण भरली होती. खोलीत पलंग तिनं ठेवला होता तसाच होता, फक्त चादरीचे कोपरे तिच्यापेक्षा घट्ट खोचलेले होते. तिनं उशाकडची चादर वर केली. हिरवा तुकडा. पिन व्यवस्थित बंद केलेली. ऑर्व्हचा खळगा दाराच्या बाजूला, तिच्या जागेवर आला होता.

३

माणसाचं डोकं मोठं गमतीचं. भीती वाटायच्या आधी ते हिशेब मांडायला बसतं. मार्लिसनंही मांडला. किल्ली व्हर्नाकडे होती, पण व्हर्ना चर्चमध्ये होती, पियानोजवळ, साऱ्या गावानं बघितली. जनेल फार्गोला होती, तिला फोन केला तर मागून सुट्टीला घरी आलेल्या नातवंडांचा गोंधळ ऐकू आला. चोर? चोर येऊन गादी फिरवून जाईल का?

मग आपणच केलं असणार. हातावर वळ आहेत, कंबर धरली आहे, तास गेला आहे. वय झालं, दुःख आहे, होतं असं. व्हर्नाचा भाऊ नाही का, ट्रॅक्टर चालवत थेट कालव्यापर्यंत गेला आणि नंतर म्हणाला मला काही आठवत नाही.

हे पटण्यासारखं होतं, म्हणून तिनं ते करून बघितलं. दोरीच्या कानांत बोटं अडकवून गादी ओढली. गादी वीतभर सरकली आणि अडकली. तिनं पाय रोवून, कण्हत पुन्हा ओढलं. नाही जमलं. गादी एकटीला फिरवताच येत नाही, हे तिला इतकी वर्षं ठाऊक होतं. दोघं लागतात.

ती मटकन पलंगाच्या काठावर बसली, आणि भान येऊन लगेच उठली. "चुकले," ती रिकाम्या खोलीला म्हणाली.

आता सांगायला हरकत नाही, ती घाबरली नव्हती. ती चिडली होती. तासभर तो इथे होता, गादीच्या त्या टोकाला, बहुधा नियम म्हणजे नियम असं पुटपुटत, आणि तिला त्यातलं काहीएक आठवत नव्हतं. एवढं मोठं देणं हातात आलं आणि झोपेत सांडलं असं तिला झालं. त्या दिवसापासून ती त्याच्या खळग्यात झोपू लागली. टोकं बदलली होती, म्हणून उशी पायथ्याला नेऊन, खांदा त्याच्या खांद्याच्या जागी, पाय त्याच्या पायांच्या जागी. जानेवारीनंतर पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली.

४

उन्हाळ्यात तिनं सगळं रीतसर केलं. सोडा, व्हॅक्यूम, जुलैतला वारा. गादी उघडी टाकली की ऑर्व्ह तिची परीक्षा घ्यायचा. झाडूचा दांडा आडवा ठेवायचा आणि वाकून बघायचा, दांड्याखालून किती उजेड येतो. जास्त उजेड म्हणजे जास्त खळगा. मार्लिसनंही दांडा ठेवला.

तिच्या बाजूला ऑर्व्हचा खळगा होता तसा होता. पण खिडकीच्या बाजूला आता कुणीच झोपत नव्हतं. तिथे तिचा जुना, लहानसा खळगा आला होता, आणि वजन नसलं की तो भरून वर यायला हवा. तो खाली गेला होता. दांड्याखालून अख्खा पंजा आत जात होता. मधला बांधही बसला होता, आणि तो त्या बाजूनं झिजला होता.

तिचं काळीज हललं, पण आनंदानं. संसारात ऑर्व्हनं तो बांध फारसा कधी ओलांडला नाही. माणूस चांगला, पण निजायचा तो खिडकीकडे तोंड करून. आता येतोयस होय, तिच्या मनात आलं. उशिरा का होईना.

एक गोष्ट खुपली. हा खळगा ऑर्व्हसारखा नव्हता. खांद्यापाशी खोल नाही, कमरेशी उथळ नाही, डोक्यापासून पायापर्यंत एकसारखा, ताटाच्या बुडासारखा सपाट. उताणं पडून अजिबात हलायचं नाही असं ठरवलेल्या माणसाचा असेल तसा. मार्लिसनं विचार केला, आता खुबा दुखत नसेल. दुखणंच गेलं तर कुशीवर कशाला निजेल? हेही पटण्यासारखं होतं. मग तिला ती बंद केलेली पिन आठवली. ती मी लावली असेल, त्या तासात. पिना नेहमी मीच लावते.

ऑगस्टात एका दुपारी ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. खोलीत स्प्रिंगा करकरल्या. एकदाच, सावकाश. गादी उन्हानं तापली की करकरते, हे तिला माहीत होतं. तरी हात पुसून ती बघायला गेली. खोलीत कुणी नव्हतं. पडदा हलत होता, बाहेर बिटाची शेतं क्षितिजापर्यंत गेली होती. आणि खिडकीकडचा काठ दबला होता. मध्यावर, माणूस बसतो तिथे. ती बघत असतानाच तो हळूहळू वर आला आणि सरळ झाला.

ती दारातच थांबली. चौकटीला धरलेला हात तिला काढवेना. तो आला याचं तिला काही वाटलं नाही. पण ऑर्व्ह काठावर बसेल? ऑर्व्ह? ज्यानं पोटच्या पोरीला शाळेच्या पहिल्या दिवशी काठावरून उठवलं, तो?

"दमला असशील," ती शेवटी म्हणाली, आणि दार ओढून घेऊन वाटाण्यांकडे गेली. त्या दिवशी वाटाणे बरेचसे जमिनीवरच सांडले.

५

ऑक्टोबरात बिटाचे ट्रक रस्त्यानं धडधडायला लागले आणि जनेल आली. ती आईसारखीच ठेंगणी, आणि बापासारखी एका विषयाला धरून बसणारी. सफरचंदाचा केक कापेपर्यंत तिनं कशीबशी कळ काढली.

"आई, व्हर्नामावशीनं सांगितलं मला. मार्चचं."

"व्हर्नाच्या तोंडात तीळ भिजायचा नाही."

"तासभर कुठे होतीस तू?"

"घड्याळ पुढे करायला विसरले. सगळेच विसरतात."

"तू विसरली नव्हतीस. आदल्या रात्रीच मला फोनवर म्हणालीस की खुर्चीवर चढून घड्याळ काढलं, आणि मी रागावले होते." जनेलनं काटा खाली ठेवला. "आई, मला भीती वाटते गं. तू इथे एकटी पडलीस, थंडीत बाहेर निघून गेलीस, तर मला कळायचं कधी? आमच्या बिल्डिंगमध्ये खाली एक जागा रिकामी होतेय. निदान हिवाळाभर तरी चल."

"माझी गादी?"

"ती गादी?" जनेलनं कपाळावर हात मारला. "अगं, ती माझ्यापेक्षा जराशीच लहान आहे! तिला कचऱ्यात टाकू आणि तुला नवी घेऊ."

"ती अजून उत्तम आहे. जाऊन बघ."

जनेल तरातरा खोलीत गेली. मार्लिसला स्वयंपाकघरातून स्प्रिंगांचा आवाज ऐकू आला, पोरगी बापाच्या बाजूला आडवी झाली होती. मग लगेच दुसरा आवाज, घाईनं उठल्याचा. बाहेर आली तेव्हा ती दंड चोळत होती. तिनं खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला आणि तशीच टेबलाशी बसली.

"त्या बाजूला तू झोपतेस?" तिनं विचारलं.

"छे. मी दाराच्या बाजूला."

"उन्हं येतात ना तिथं दुपारची?"

"भरपूर. का गं?"

"काही नाही." केकचा तुकडा तिनं ताटलीत इकडून तिकडे सारला. मग एकदम मान वर करून म्हणाली, "घड्याळं मागे करायच्या रविवारी मी पिकअप घेऊन येते. चर्च सुटायच्या सुमाराला. तुझ्या पिशव्या भरून ठेव. आणि गादी मी स्वतः उचलून नेणार, आई. ती या घरात राहता कामा नये."

"त्या रविवारी सांगते तुला," मार्लिस म्हणाली. "येते की राहते ते."

"त्या रविवारी काय होणार आहे?"

मार्लिसचं मनात ठरलं होतं. तो असेल तर ती या घरातून हलणार नव्हती, मग जनेलनं रडून गोंधळ घातला तरी. आणि तो नसेल, तर इथे राहून करायचं काय? नोव्हेंबरात गादी पालथी करायची असते. मार्चमध्ये तास गेला तसा नोव्हेंबरात एक तास परत मिळतो. या खेपेला तो तास ती जागी राहून काढणार होती.

६

त्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं आणि गवतावर दंव गोठलं होतं. आदल्या दिवशी तिनं घड्याळं मागे घेतली होती. चर्चला ती गेली नाही. केस विंचरले, ऑर्व्हला आवडायचा तो निळा स्वेटर घातला, आणि आपण नटतोय हे लक्षात येऊन आरशासमोर लाजली. पिशव्या भरलेल्या होत्या, दाराशी. म्हटलं तर न्यायला, म्हटलं तर परत रिकाम्या करायला.

तिनं चादरी काढल्या. उघड्या गादीवर खिडकीतून ऊन पडलं होतं. खिडकीच्या बाजूचा तो सपाट खळगा आता तिच्या बाजूपर्यंत पसरला होता, मधला बांध जवळजवळ नाहीसा झाला होता. ऑर्व्हचा खळगा एका कडेनं त्यात ढासळत चालला होता. हे तिनं बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं.

दाराच्या बाजूला उभं राहून तिनं दोरीचे कान धरले. स्वयंपाकघरातलं घड्याळ टिकटिकत होतं. लांब कुठेतरी एक ट्रक गेला. सगळं नेहमीचंच होतं, आणि ती जागी होती, शुद्धीत होती. खात्री म्हणून तिनं नातवंडांची नावं मनात म्हटली.

"चल ऑर्व्ह," ती म्हणाली, आणि उचललं.

गादी वर आली. तिनं जेमतेम जोर लावला होता, पण गादी सहज, न अडखळता वर येत गेली, आणि पलंगावर आडवी उभी राहिली. तिच्यासमोर भिंत झाली. जुन्या कापडाचा वास आला, सोड्याचा वास आला. उन्हाची बाजू पलीकडे गेली, ती सावलीत आली.

पलीकडे कुणीतरी होतं. हे भासानं कळण्यासारखं नव्हतं, हातांना कळत होतं. दोघांनी धरलेली वस्तू आणि एकट्यानं धरलेली वस्तू यांतला फरक हात कधी चुकत नाहीत. मार्लिसचे डोळे भरून आले. तिनं मान वर केली.

वरच्या कडेवर बोटं होती. डाव्या हाताची चार. आणि उजव्या हाताचीही चार.

ती बघत राहिली. लांब, फिकट, सारखी बोटं, नखं स्वच्छ. ऑर्व्हच्या नखांत मातीची रेघ असायची, कितीही घासली तरी.  पण माणसाचं डोकं, मी म्हटलं ना, ते आपलं हिशेब मांडतच राहतं. मिळाली असतील, तिच्या मनात आलं. पास्टर म्हणाले होते, अखंड देह. त्यानं मागून घेतली असतील, भांडून घेतली असतील. आणि तिकडे माती कुठून येणार?

"मिळाली वाटतं तुझी बोटं," ती म्हणाली. आवाज तिच्याच कानाला परका वाटला. "पावती मागितली नाही ना?"

 पलीकडून श्वासही ऐकू आला नाही. बोटांनी कडेवरची पकड जरा बदलली, एकामागून एक, पियानोच्या पट्ट्यांवर ठेवावीत तशी.

बाहेर खडीवर चाकं वाजली. जनेल लवकर आली होती. मार्लिसला गाडीचं दार ऐकू आलं, मग हाक, "आई?" तिला ओ द्यावीशी वाटली. पण एवढी वाट बघून, आता शेवटच्या क्षणी? एक शब्द हवा होता फक्त. दरवर्षी याच वेळी, याच जागेवर तो म्हणायचा तो. त्याला कधी गोड बोलता आलं नव्हतं, पण हे तो न चुकता म्हणायचा.

"धरलंस ना?" तिनं विचारलं.

काही नाही.

"ऑर्व्ह, धरलंस ना रे?" ती आता रडत होती. दोरीचे कान बोटांत रुतले होते. तिला आठवलं, इतक्या वर्षांत आपण कधी विचारलंच नव्हतं. विचारायची वेळच त्यानं येऊ दिली नव्हती.

"सोडते हं मी," ती म्हणाली, आणि सोडलं.

क्षणभर गादी तशीच उभी राहिली. मग ती सावकाश मार्लिसच्या बाजूला कलू लागली.